दैनंदिन संभाषणाचे चित्रमुद्रण आणि लहान ॲक्शन कॅमेरा : बोली-अभ्यासाच्या दृष्टीने एक परीक्षण

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. मुठीत मावणारा ॲक्शन कॅमेरा बरोबर घेतला, तर बोली-अभ्यासाचे काम तेवढ्यावर भागेल काय? वरवर पाहता हा प्रश्न बाजारातील एका वस्तूच्या निवडीचा आहे, आणि तो संशोधनपत्रिकेत चर्चिला जावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु क्षेत्रात वापरलेल्या उपकरणाने जे टिपले नाही, ते पुढील अभ्यासकाला कधीच उपलब्ध होत नाही. यास्तव या कॅमेऱ्याची योग्यता आपल्या शास्त्राच्या गरजांवर घासून पाहणे उचित होईल.

प्रथम, चित्र हवेच कशाला, हे पाहिले पाहिजे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या अनुषंगाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. सर्वेक्षणात नमुना म्हणून उधळ्या पुत्राची कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घेण्याचा प्रघात होता. अशी कथा तुलनेला सोयीची खरी, पण ती रोजची भाषा नव्हे. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी पुस्तके सिद्ध केली, त्यांतील १९६५ चे कुडाळी बोलीवरील पुस्तक आजही आम्हांस वारंवार उघडावे लागते. त्यातील लिप्यंतरावरून उच्चार कळतो, रूपे कळतात. मात्र वक्त्याने एखादे दर्शक सर्वनाम उच्चारताना बोट कोठे दाखविले, हे कोणत्याही लिप्यंतरातून कळावयाचे नाही.

हे किती महत्त्वाचे आहे, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मे महिन्यात कुडाळ परिसरातील एका घराच्या पडवीत रातांबे फोडण्याचे काम चालले होते. फळ फोडावयाचे, गर व बिया एका भांड्यात टाकावयाच्या, साली दुसरीकडे ठेवावयाच्या, त्या मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात वाळवावयाच्या, असा तो क्रम. तीन पिढ्यांच्या चार बायका कामात गुंतलेल्या होत्या. त्यांच्या दोन तासांच्या बोलण्यात पूर्ण वाक्ये थोडी आणि ‘ह्यां हयसर ठेव, त्यां थयसर’ या जातीची तुटक विधाने फार, असे आढळून आले. नुसते ध्वनिमुद्रण ऐकताना ‘हयसर’ म्हणजे बोलणारीच्या जवळ, ऐकणारीच्या जवळ, की दोघींच्या मध्ये, याचा उलगडा होत नाही. दर्शक शब्दांची व्यवस्था दोन पदरी आहे की तीन पदरी, हा बोलीच्या व्याकरणातील मूलभूत प्रश्न. आणि त्याचे उत्तर हाताच्या व नजरेच्या दिशेत दडलेले. ॲडम केंडन व डेव्हिड मॅकनील यांच्या अभ्यासानंतर हावभाव हा भाषणाचा बाह्य अलंकार नसून उक्तीचाच एक घटक आहे, ही भूमिका आता बहुमान्य झाली आहे. तेव्हा चित्र हवे, याबद्दल दुमत नसावे. हे चित्र कोणत्या कॅमेऱ्याने घ्यावे, एवढाच वादाचा मुद्दा उरतो.

ॲक्शन कॅमेऱ्याचे गुणदोष समजण्यासाठी त्याचा जन्म कशासाठी झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. निक वुडमन या अमेरिकन गृहस्थाने लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्यांना स्वतःचे चित्रण करता यावे, या हेतूने २००२ मध्ये गोप्रो कंपनी स्थापन केली. तिचा २००४ चा पहिला कॅमेरा मनगटाला बांधावयाचा होता आणि त्यात ३५ मिलिमीटरची फिल्म वापरली जात असे. अंकीय चित्रण पुढे आले. २०१६ च्या हीरो ५ पासून वेगळ्या वेष्टनाशिवाय १० मीटर खोल पाण्यात तो वापरता येऊ लागला, आणि २०१८ च्या हीरो ७ पासून चित्र स्थिर राखण्याची प्रभावी व्यवस्था त्यात आली. डीजेआय कंपनीने २०१९ मध्ये पुढील बाजूसही पडदा असलेला कॅमेरा बाजारात आणला. या साऱ्या वाटचालीत गृहीत धरलेला प्रसंग एकच होता : धावपळ, भरपूर सूर्यप्रकाश, वारा, पाणी, आणि ज्यात बोलण्याला फारसे स्थान नाही असे दृश्य. आमचा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. माणसे बसलेली असतात, उजेड अंधुक असतो, वारा नसतो आणि बोलणे हेच सर्वस्व असते.

भिंगापासून आरंभ करू. या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांचे भिंग अतिविशाल कोनाचे व स्थिर केंद्राचे असते. अगदी जवळच्या वस्तू सोडल्या, तर सुमारे अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात बोलणारीचा चेहरा सोडून मागच्या तुळशीवृंदावनावर केंद्र जाऊन बसण्याचा जो अपघात नवख्या हातून होतो, तो येथे संभवत नाही. ही सोय मोठीच. परंतु विशाल कोनाची किंमत मोजावी लागते. सरळ रेषा कडेला वाकतात, कॅमेऱ्याकडे पुढे केलेला हात अवास्तव मोठा दिसतो. हाताच्या हालचालीचा विस्तार मोजावयाचा असेल, तर हे चित्र त्या कामाचे नाही. रेषा सरळ राखणारी जी निवड कॅमेऱ्यात दिलेली असते, ती क्षेत्रकार्यात सदैव लावून ठेवावी. तीत कोन थोडा अरुंद होतो, ते इष्टच आहे.

अंतराचा हिशोब विद्यार्थी क्वचितच करतात, म्हणून तो येथे मांडतो. क्षितिजसमांतर कोन ९० अंश धरला, तर एक मीटर अंतरावर दोन मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत येते. चित्राच्या रुंदीत १९२० बिंदू असतील, तर सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीच्या तोंडाच्या वाट्याला जेमतेम ५० बिंदू येतात. कॅमेरा तीन मीटर दूर नेला की तेच तोंड १६ बिंदूंत संपते. अशा चित्रावरून ओठ गोल झाले की पसरले, हे ठरविणे म्हणजे अंदाज बांधणे होय. ३८४० बिंदूंचे चित्र घेतल्यास हे प्रमाण दुप्पट होते, पण जवळ जाण्याला तो पर्याय होऊ शकत नाही. एक-दीड मीटरच्या आत कॅमेरा ठेवता येत असेल तरच ओठांविषयी काही बोलावे. एरवी हात, नजर व बसण्याची रचना यांवरच समाधान मानावे.

कालमापनाचेही असेच आहे. सेकंदाला २५ चौकटी या गतीने दोन चौकटींतील अंतर ४० मिलिसेकंद पडते. प, ब, म यांच्या उच्चारात ओठ सुमारे ८० ते १०० मिलिसेकंद मिटलेले राहतात असे धरले, तर ती क्रिया दोन किंवा तीन चौकटींत सापडते. ५० चौकटींची गती ठेवल्यास चार-पाच चौकटी मिळतात आणि मिटण्याचा व उघडण्याचा क्षण अधिक काटेकोरपणे सांगता येतो. स्पर्शवर्णाचा स्फोट मात्र काही मिलिसेकंदांचाच असतो. तो नेहमीच्या गतीच्या चित्रात पाहू जाणे व्यर्थ होय. त्यासाठी ध्वनितरंगाकडेच वळले पाहिजे. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत शंभर-दोनशे चौकटींचा मोठा बोलबाला असतो. पण तेवढ्या गतीत प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश तितकाच घटतो. पडवीतील किंवा स्वयंपाकघरातील उजेडात तिचा उपयोग नाही.

उजेडाचा प्रश्न येथे अधिक खोल आहे. कॅमेरा लहान म्हणून त्याचा प्रकाशग्राही पृष्ठभागही लहान. अंधुक प्रकाशात कॅमेरा प्रत्येक चौकट अधिक काळ उघडी ठेवतो, आणि तेवढ्यात हलणारा हात पुसट होऊन जातो. चित्र स्थिर राखण्याची व्यवस्था चौकटीच्या कडा कापून काम करते. पुसट झालेला हात ती सुधारू शकत नाही. तिपाईवर किंवा खांबाला बांधून ठेवलेल्या कॅमेऱ्याला तिचे काहीच प्रयोजन नसल्याने ती बंद करावी. आणखी एक बारकावा असा की, आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा ६० हर्ट्झच्या देशासाठी योजिलेल्या ३० चौकटींच्या गतीवर राहिला, तर काही दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. २५ किंवा ५० चौकटींची निवड केल्याने ही बाधा बरीच टळते. शिवाय ४० किंवा २० मिलिसेकंद हे पूर्णांक पुढे नायमेखन येथील माक्स प्लांक संस्थेच्या ‘इलान’ या टिपणप्रणालीत काम करताना सोयीचे पडतात. ३० चौकटींची म्हणून सांगितलेली गती प्रत्यक्षात बहुधा २९.९७ असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

आता ध्वनीकडे वळू. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने परीक्षेचा खरा विषय हाच. पाणी आत शिरू नये म्हणून या कॅमेऱ्यांच्या मायक्रोफोनवर पातळ पडदा असतो, आणि त्यामुळे उच्च वारंवारतेचे ध्वनी दबण्याचा संभव राहतो. मराठीच्या अभ्यासकाला हे परवडणारे नाही. ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य च आणि गुरांच्या ‘चारा’ या शब्दातील दंततालव्य च यांमधील भेद, तसेच स आणि श यांमधील भेद, हा बव्हंशी घर्षणाच्या वरच्या वारंवारतांत असतो. कॅमेऱ्याच्या ध्वनीवर हे भेद कानाला कळतातही, परंतु मोजमापाच्या वेळी त्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही. दुसऱ्या टोकाला वाऱ्याचा आवाज घालविण्यासाठी केलेली योजना आहे. ती खालच्या वारंवारता कापते. कुडाळी-मालवणीत नपुंसकलिंगी रूपांच्या अंती अनुनासिक स्वर येतो, आणि अनुनासिकतेची एक महत्त्वाची खूण अडीचशे हर्ट्झच्या आसपासच्या ऊर्जेत असते. म्हणजे वाऱ्यावरचा हा उपाय नेमक्या त्याच खुणेला धक्का लावतो. विद्यार्थ्याने ‘या गावात अनुनासिकता क्षीण होत आहे’ असा निष्कर्ष काढावा, आणि क्षीणता बोलीतील नसून कॅमेऱ्यातील असावी, हा प्रकार अशक्य कोटीतला नव्हे.

यात भर म्हणजे आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी व्यवस्था. कोणी हळू बोलले की ती पातळी चढविते, कोणी मोठ्याने हसले की उतरविते. त्यामुळे आघात व स्वरतीव्रता यांची तुलना निरर्थक ठरते. शिवाय चित्रफितीबरोबर साठविलेला ध्वनी संक्षेपित असतो. गोप्रोच्या हीरो ५ मध्ये वेगळी, असंक्षेपित ध्वनिफाइल ठेवण्याची सोय आली. ती स्वागतार्ह होती, पण मायक्रोफोन तोच असल्याने मूळ अडचण तशीच राहिली. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्यासाठी वेगळा जोड किंवा सांगाडा घ्यावा लागतो, आणि तो लावल्यावर कॅमेऱ्याचे लहानपण, ज्यासाठी तो घेतला, तेच बव्हंशी नाहीसे होते.

तेव्हा ध्वनिमुद्रण स्वतंत्र यंत्रावर, असंक्षेपित स्वरूपात व वक्त्याच्या जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनने करावे, आणि कॅमेऱ्याच्या ध्वनीचा उपयोग केवळ दोहोंची सांगड घालण्यापुरता करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही सांगड घालताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे दोन यंत्रांची घड्याळे अगदी सारख्या गतीने चालत नाहीत. त्यांच्यात दशलक्षात २० भागांचा फरक असला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे २५ च्या गतीने जवळजवळ दोन चौकटी. म्हणून टाळी केवळ आरंभी वाजवून भागत नाही, शेवटीही वाजवावी. दुसरी गोष्ट ध्वनीच्या वेगाची. तीन मीटर दूर असलेल्या कॅमेऱ्यापर्यंत आवाज पोचावयास सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. नेहमीच्या कामात हा फरक दुर्लक्षणीय आहे. ओठांच्या हालचालीचा सूक्ष्म अभ्यास करणाऱ्याने तेवढा ध्यानात ठेवावा.

बॅटरी, उष्णता व साठवण यांविषयी थोडक्यात. हे कॅमेरे वाहत्या हवेत थंड राहतात, या अपेक्षेने घडविलेले असतात. मे महिन्यातील कोकणात, वारा नसलेल्या पडवीत, एका जागी ठेवलेला कॅमेरा मोठ्या चित्रावर तासभर चालेल अशी खात्री देता येत नाही. आमच्या हाती असलेला कॅमेरा तापून मध्येच थांबला, आणि थांबल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. त्या अवधीतील संभाषण ध्वनियंत्रावर होते म्हणून वाचले. चित्र लहान केले की उष्णता घटते. साठवणीचा हिशोब असा : सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका तासाचे चित्र ४५ गिगाबाइट जागा घेते, उलट ४८,००० नमुन्यांचा, २४ बिटांचा एकमार्गी ध्वनी तासाला सुमारे ५२० मेगाबाइटमध्ये मावतो. लांब चित्रण कॅमेरा तुकड्यांत विभागतो, आणि गोप्रोच्या नामकरणात तुकड्याचा क्रमांक मूळ फाइलच्या क्रमांकाच्या आधी येतो. परिणामी फाइली नावाने लावल्या असता निरनिराळ्या बैठकींचे पहिले तुकडे एकत्र येतात आणि दुसरे तुकडे त्यांच्यामागे जातात. रोज रात्री फाइलींना बैठकीनुसार नावे देण्याची शिस्त नसेल, तर महिन्याने हा गुंता सोडविणे जिकिरीचे होते.

येथे कोणी विचारील की, मोबाइल फोनने काय वाईट? निःपक्षपातीपणे सांगावयाचे तर पुष्कळ बाबतींत फोन सरस ठरतो. अलीकडील चांगल्या फोनचा ध्वनी बऱ्याचदा ॲक्शन कॅमेऱ्याहून स्वच्छ असतो, आणि तो सर्वांच्या ओळखीचा असतो. ॲक्शन कॅमेऱ्याचे वैशिष्ट्य इतके की तो धूळ, पाणी, चिखल व चीक यांना दाद देत नाही, खांबाला किंवा वाशाला सहज अडकविता येतो, आणि मध्येच कोणाचा फोन येऊन चित्रण बंद पडत नाही. शेतात लावणी, समुद्रकाठी जाळे ओढणे, विहिरीवरील धुणे, असे प्रसंग ज्याच्या अभ्यासात आहेत त्याने तो अवश्य घ्यावा. ओसरीवर बसून कथा सांगणाऱ्या आजोबांसाठी फोन व तिपाई पुरे. विभागाच्या तुटपुंज्या अनुदानातून एकच वस्तू घेता येत असेल, तर ती उत्तम ध्वनिमुद्रणयंत्र असावी. कॅमेऱ्याचा विचार त्यानंतर.

लहान कॅमेऱ्याच्या बाजूने नेहमी केला जाणारा एक युक्तिवाद मात्र विस्ताराने पाहण्याजोगा आहे. विल्यम लबोव्ह यांनी १९७२ मध्ये मांडलेला निरीक्षकाचा विरोधाभास सर्वांना परिचित आहे : कोणी पाहत नसताना माणसे कशी बोलतात हे आपणांस हवे असते, पण ते मिळविण्यासाठी आपणांस पाहावेच लागते. कॅमेरा जितका लहान तितका हा विरोधाभास सौम्य, असे म्हटले जाते. आमचा अनुभव याला पुरता दुजोरा देत नाही. पडवीतल्या त्या बैठकीत प्रारंभी ‘इथे ठेव’, ‘तिथे ठेव’ असे प्रमाण भाषेला जवळचे बोल पाहुण्यांच्या कानांसाठी निघत होते. थोड्या वेळाने ‘हयसर’ व ‘थयसर’ आले. हा पालट कॅमेऱ्याच्या आकारामुळे झाला असे मानावयास आधार नाही, कारण कॅमेरा दोन्ही वेळी तेवढाच होता. हात रातांब्यांच्या रसाने माखले, कामाची घाई वाढली, सूनबाईंच्या माहेरचा विषय निघाला, आणि पाहुणे विस्मरणात गेले. बोलणाऱ्याला गुंतवून ठेवणारे काम निवडणे हे कॅमेरा निवडण्याहून अधिक फलदायी आहे, असे आम्हांस वाटते.

लहानपणाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मोठा कॅमेरा तिपाईवर चढविला की घरातल्या सर्वांना कळते की चित्रण चालू आहे. आगपेटीहून थोडा मोठा काळा चौकोन खांबाला बांधला, तर घरातील वृद्धांना तो कॅमेरा आहे हेच मुळी ठाऊक नसते. अशा वेळी संमतिपत्रावर घेतलेली सही किंवा अंगठा ही औपचारिकता ठरते. म्हणून प्रथम दोन मिनिटांचे चित्रण करून ते त्यांना पडद्यावर दाखवावे, आणि मगच संमती विचारावी. पुढील बाजूस पडदा असलेला कॅमेरा येथे विशेष उपयोगी पडतो; आपण दिसत आहोत, हे समोरच्याला सतत दिसत राहते. शौकिनांना तो स्वतःची छबी जुळविण्यासाठी हवा असतो, आम्हांला तो या कारणासाठी हवा.

विशाल कोनाचा प्रश्नही पुन्हा येथेच उपस्थित होतो. आपण संमती घेतो ती समोरच्या चौघींची. चौकटीत मात्र अंगणातून जाणारा शेजारी, खेळणारी मुले आणि विहिरीवर आलेली कोणी बाईही येते. त्यांना कोणीच विचारलेले नसते. चित्र नंतर कापता येते, हे खरे. पण मूळ फाइल संग्रहात तशीच राहते आणि ती कोणाच्या हाती जाईल याची शाश्वती नसते. कॅमेरा भिंतीकडे तोंड करून, अंगण पाठीशी ठेवून लावावा. उजेडही त्याच बाजूने मिळतो.

पडवीतील बैठकीचे चित्रण आम्ही दुसऱ्या दिवशी त्या घरी दाखविले. सर्वांत वृद्ध बाईंनी ते शेवटपर्यंत पाहिले, आणि घरवाटणीबद्दल आपण जे बोललो ते काढून टाका, असे सांगितले. तो चार मिनिटांचा भाग आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता, कारण दर्शक सर्वनामांचे तीन पदर त्यातच प्रथम स्वच्छ दिसले होते. तो कॅमेऱ्याच्या कार्डावरून, ध्वनियंत्रावरून आणि आदल्या रात्री घेतलेल्या प्रतीवरून, असा तीन ठिकाणांहून आम्ही त्यांच्यासमोर पुसला. टिपणवहीत त्या जागी बैठकीचा क्रमांक व ‘वक्त्याच्या इच्छेनुसार वगळले’ एवढीच नोंद आहे.